एखादी वस्तू बंद पडली की

चिमीचं काम वस्तू मारण्याचं होतं. निदान ती स्वतः तरी थट्टेनं तसंच सांगायची. घरगुती विजेची उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात ती आयुर्मान चाचणी विभागाची प्रमुख होती. तिथं लांबलचक टेबलांवर नवे कोरे पंखे, मिक्सर, इस्त्र्या मांडलेल्या असायच्या आणि यंत्राचे हात त्यांची बटणं दाबत राहायचे. चालू, बंद, चालू, बंद, एकेक वस्तू मान टाकेपर्यंत. नुसता आवाज ऐकून चिमी सांगायची की हा पंखा अजून दोन महिने, तो मिक्सर आठवडाभर. सहसा चुकायची नाही. शेहेचाळीस वर्षांची, चष्मा लावणारी, कारखान्यात भल्याभल्यांना टरकवणारी बाई. घरी मात्र चिमीच.

म्हणूनच बाबा गेल्यावर आईनं अट घातली तेव्हा तिला हसू आलं होतं.

"तुझ्याकडं यायचं ना? येते की," आई म्हणाली होती. "घरातली एखादी वस्तू बंद पडली की येते."

"कुठली वस्तू?"

"कुठलीही. पंखा, फ्रिज, मिक्सर, इस्त्री. ह्यांच्या हातची कुठलीही."

बाबांचं उपकरणं दुरुस्तीचं दुकान होतं. सगळी गल्ली त्यांना पानाकाका म्हणायची, कारण खिशात पेन नसलं तरी पाना असायचाच. त्यांनी घरात नवी वस्तू म्हणून कधी येऊ दिली नाही. टेबलफॅन चौतीस वर्षांचा, इस्त्री एकतीस, फ्रिज अठ्ठावीस, मिक्सर सव्वीस. चिमीनं मनातल्या मनात हिशेब मांडला. पंख्याचं बेअरिंग सहा महिने, मिक्सर फार तर वर्षभर. तिनं आपल्या घरातली मागची खोली रिकामी केली, आईसाठी बुटका पलंग केला, खिडकीला पडदे लावले.

त्याला आता पाच वर्षं झाली होती. पडदे धुवून धुवून विरले आणि पंखा आपला फिरतोच आहे. आई सत्त्याहत्तरची झाली. फोनवरचा तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. बोलता बोलता ती मध्येच थांबायची, आणि त्या गप्प क्षणात चिमीला मागून फ्रिजची घरघर ऐकू यायची, एकसारखी. आपली आई त्या घरघरीत एकटी संपून जाणार, या विचारानं तिला रात्र रात्र झोप लागत नसे. शेवटी तिनं चार दिवसांची रजा टाकली आणि थेट आईच्या दारात जाऊन उभी राहिली.

आईचं घर दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत यायचं आणि सगळ्या घराला मधाचा रंग चढायचा. जेवणं झाली, आई आडवी झाली. चिमी खुर्चीत बसून ऐकत राहिली, कारखान्यात ऐकायची तशी. पंखा, फ्रिज, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांचा मिळून एकच सूर लागला होता. कुठं खरखर नाही, लटपट नाही. ऐकता ऐकता तिचे डोळे जड झाले. इतक्या जुन्या वस्तूंचा असा आवाज नसतो, हे तिला झोपेच्या काठावर लख्ख कळलं, आणि झोप उडाली.

मग तिनं ठरवलं. कारखान्यात याला ठरवून केलेला बिघाड म्हणत. वस्तू आपणहून मरत नसली की एक भाग काढून घ्यायचा आणि पुढचं बघायचं. आईला फसवायचं म्हणून तिला लाज वाटली, नाही असं नाही. पण लाजेपेक्षा आई मोठी होती.

तिनं पंखा बंद केला, पाठीमागचं झाकण उघडलं आणि कपॅसिटर काढून घेतला. अंगठ्याएवढी डबी, धुळीनं काळी पडलेली. ती नसली की असला पंखा नुसता गुणगुणतो, पातं काही हलत नाही. चिमीनं हे हजारदा पाहिलं होतं. डबी रुमालात गुंडाळून तिनं पर्समध्ये टाकली आणि झाकण लावलं.

चारच्या सुमारास आई उठली. पदरानं तोंड पुसत तिनं पंख्याचं बटण दाबलं.

पंखा फिरला.

"काय झालं गं? अशी काय बघतेस?"

"काही नाही. चहा टाकते."

चहा उकळून अर्धा आटला तेव्हा चिमीला भान आलं. आई शेजारणीकडे गेल्याबरोबर तिनं पुन्हा झाकण उघडलं. आत कपॅसिटर होता. तसाच, अंगठ्याएवढा, धुळीनं काळा. तिनं पर्स उघडली. रुमालातला रुमालातच होता.

आपण काढलाच नाही, काढल्यासारखं वाटलं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पण मग रुमालातला कुठला? या प्रश्नाला ती हातच लावेना. दुसऱ्या दिवशी तिनं मिक्सरमधले दोन्ही कार्बन काढले. पेन्सिलीच्या तुकड्याएवढे हे कार्बन नसतील तर मोटरला वीज पोचतच नाही. काढताना तिनं मोठ्यानं मोजले, एक, दोन. तासाभरानं आईनं त्याच मिक्सरवर साखर दळली आणि झाकण उघडून तिच्यापुढं धरली. पिठीसाखरेचा ढग उन्हात बराच वेळ तरंगत राहिला.

"बारीक झालीय ना?" आईनं विचारलं.

"झालीय," चिमी म्हणाली.

तिसऱ्या दुपारी तिनं इस्त्री उघडली आणि आतली तार पक्कडीनं सरळ तोडली. पुन्हा जोडता येणार नाही अशी. एवढं झाल्यावर तिला गुंगी आली. ती खुर्चीतच कलंडली. झोप नव्हती ती आणि जागही नव्हती. खिडकीतलं ऊन हळूहळू जमिनीवरून भिंतीवर चढत होतं आणि कुणीतरी, घाई न करता, तोंडानं बारीक शीळ घालत, पेच फिरवत होतं. आवाज ओळखीचा होता. लहानपणी असंच ऐकत ऐकत ती झोपायची. तिला भीती वाटली नाही, उलट किती वर्षांनी इतकं सुरक्षित वाटलं. त्याचीच नंतर भीती वाटली.

डोळे उघडले तेव्हा आई समोर साडीला इस्त्री करत होती. ओल्या सुती साडीतून वाफ निघत होती.

चिमीला राहवलं नाही. "आई, ठेव ती खाली. मी तोडली होती तार. तुझ्याशी खोटेपणा केला मी. पंख्याचाही भाग काढला, मिक्सरचाही."

आई रागावली नाही. इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं आणि आतल्या खोलीत गेली. परत आली ती बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन. तिनं तो चिमीच्या मांडीवर ठेवला.

डब्यात कपॅसिटर होते. सात. सगळे अंगठ्याएवढे, सगळे सारखेच काळे. कार्बनच्या जोड्या दोऱ्यानं बांधलेल्या. इस्त्रीच्या तोडलेल्या तारा, फ्रिजचे काहीबाही तुकडे.

"हे कोणी काढले?"

"मी. दर सहा महिन्यांनी काढते," आई म्हणाली. "पहिल्यांदा नुसती वायर कापली कात्रीनं. मग ह्यांच्या वहीत बघून बघून शिकले."

"पण तूच तर म्हणालीस, वस्तू बंद पडली की…"

"दवाखान्यात शेवटच्या दिवशी ह्यांनी हात धरला माझा. म्हणाले, ह्या वस्तू चालतायत तोवर घर सोडू नकोस. मी हो म्हटलं. मला वाटलं, पंखा टिकून टिकून किती टिकणार? फार तर वर्षभर." आई हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मलाही यायचं होतं गं चिमे तुझ्याकडे. पहिल्या महिन्यापासून यायचं होतं. मी थकले आता. पण हे काही थकू देत नाहीत."

चिमीनं आईला जवळ घेतलं. आई किती हलकी झाली होती. पंख्याचा वारा दोघींवरून आळीपाळीनं फिरत राहिला.

मग चिमी उठली. दाराजवळच्या फळीवर मेन स्विच होता. तिनं तो खाली ओढला.

फ्रिज एकदा थरथरला आणि गप्प झाला. पंख्याचं पातं मंद होत होत थांबलं. कितीतरी वर्षांनी त्या घरात खरी शांतता झाली.

"बघ. झालं बंद."

"बंद केलं म्हणजे बंद पडलं नव्हे," आई म्हणाली.

"कोण विचारायला येणार आहे आपल्याला? पिशवी भर."

आईनं चार साड्या घेतल्या, औषधं घेतली. घरातली एकही वस्तू घेतली नाही. जिना उतरताना चिमीनं तिचा हात धरला, पण आईला आधाराची गरज पडली नाही. तरतर उतरली.

तीन आठवडे फार सुखात गेले. मागच्या खोलीत आई झोपायची, खायची, चिमीच्या नवऱ्याशी पत्ते खेळायची आणि खुशाल लबाडी करायची. गालांवर रंग आला. दुपारी मात्र ती गाढ झोपायची, हाक मारली तरी न उठण्याइतकी. चिमी म्हणायची, पाच वर्षांची झोप साठलीय, झोपू दे.

तिचं वय बघता एकदा हाडंही तपासून घ्यावीत म्हणून चिमी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी एक्स-रे काढायला सांगितले. फिल्म आल्यावर आईला बाहेर बसवून त्यांनी चिमीला आत बोलावलं.

"यांच्या खुब्याचं ऑपरेशन कुठं झालं?"

"ऑपरेशन? कधीच नाही."

"पडल्या होत्या?"

चिमीनं दार किलकिलं करून आईला विचारलं. आई ओशाळली. "गेल्या वर्षी एकदा पडले होते न्हाणीघरात. तू काळजी करशील म्हणून नाही सांगितलं. उठताच येईना. तिथंच डोळा लागला दुपारी. जागी झाले तर काही दुखत नव्हतं."

चिमीनं दार लोटून घेतलं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या फळीवर लावली. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि अतिशय नेटकं जोडलेलं होतं. आरपार गेलेले चार स्क्रू पांढरेशुभ्र दिसत होते.

"कातडीवर टाक्याची खूण नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "आणि हे आमच्याकडचे स्क्रू नाहीत."

चिमी फिल्मजवळ सरकली. पंख्याच्या झाकणाच्या स्क्रूंना होत्या तशाच, चपट्या डोक्यांच्या खाचा तिला स्पष्ट दिसत होत्या.

"यातले वरचे तीन स्क्रू वर्षभरापूर्वीचे असतील. हाडानं धरलेत." डॉक्टरांनी पेनचं टोक खालच्या स्क्रूवर ठेवलं. "हा चौथा मात्र नवा आहे. आठ-दहा दिवसांपूर्वीचा."