बगलेची दोरी

हॅम रेडिओचा छंद माझा, त्यामुळे परसातला अँटेनाचा टॉवर खाली घ्यायचं लोढणंही माझ्याच गळ्यात. संध्याकाळी वादळ येणार होतं. टॉवर कोसळला असता तर थेट आईच्या खोलीवर. पक्षाघातानंतर ती वर्षभर अंथरुणाला खिळलेली; तिला नुसतं कुशीवर वळवलं तरी धाप लागायची.

टॉवर बुडाशी बिजागरीवर होता. मी विंचचं हँडल फिरवून, तार सोडत, तो हळूहळू आडवा करायचा आणि दादाने पलीकडे, पाण्याच्या टाकीमागून, बगलेची निळी दोरी ताणून धरायची, म्हणजे तो आईच्या खोलीकडे झुकणार नाही. टाकीमुळे आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. ओरडायचं नाही असं ठरलेलं, कारण ओरडायला लागलो की आम्ही भांडतोच. दोरीला एक हिसका म्हणजे चालू दे, दोन म्हणजे थांब. हिसका टॉवरमधून माझ्या हँडलपर्यंत जाणवायचा.

एक हिसका आला. मी सुरुवात केली. जेमतेम हात हलतोय तोच दोन हिसके. थांबलो. पुन्हा एक, पुन्हा दोन. दादाचं नेहमीचंच, नमनाला घडाभर तेल! वारा वाढत चाललेला, विंचचा ब्रेक घसरत होता, हँडल सोडायची सोय नव्हती. माझ्या नाकी नऊ आले. त्याला मनातल्या मनात नको नको ते बोललो.

टॉवर अर्ध्यावर आला आणि माझ्या पाठीमागे फाटक वाजलं. दादा. त्याच्या हातात नवी पिन होती. दोरीच्या कडीची पिन झिजलेली दिसली म्हणून हा शहाणा न सांगताच दुकानात गेला होता.

"मी नसताना सुरू कुणी करायला सांगितलं तुला?"

"मग दोरी कोण ओढतंय?"

त्याने टाकीकडे वळून पाहिलं. जाऊन बघ की, असं मी खेकसलो. तेवढ्यात ब्रेक पुरता सुटला. हँडल दोघांनी मिळून कसंबसं धरलं. आता दोघांनाही जागचं हलता येईना.

एक हिसका.

"फिरव," दादा म्हणाला.

फिरवलं. दोन हिसके. थांबलो. वाऱ्याचा झोत आला, टॉवर आईच्या खिडकीकडे कलला.

दोरी ताठ झाली. टॉवर मागे आला.

एक हिसका.

टॉवर जमिनीला टेकला, तशी दोरी सैल पडली.

टाकीमागे कुणी नव्हतं. ओल्या मातीत दादाच्या सकाळच्या पावलांखेरीज एकही ठसा नव्हता.

आम्ही आईकडे धावलो. खिडकीला आतून कडी होती. ती गाढ झोपली होती. पांघरूण सारखं करताना दादाने तिचा हात उचलला आणि मला जवळ यायची खूण केली.

तिचे दोन्ही तळहात सोलवटले होते. जखमांत दोरीचे निळे धागे अडकले होते.