करारात नसलेल्या बायका

अंबडच्या नरहर वकिलांनी आयुष्यात पुष्कळ कागद लिहिले, पण नाव झालं ते एकाच करारानं. १९५१ साली त्या भागातल्या आठ जिनिंगवाल्यांनी आपसात ठरवलं, की कापसातून सरकी काढायचा दर सगळ्यांनी एकच ठेवायचा. शेतकऱ्याला दुसरं दार उरू द्यायचं नाही. आठांतली वडीगोद्रीची जिनिंग तर बंदच ठेवायची आणि तिचा मालक रामकिसन याला बाकीच्या सातांनी घरबसल्या हिस्सा द्यायचा. लोक त्याला नुसतं ‘एकी’ म्हणत. नरहररावांनी ती एकी सोळा कलमांत अशी बांधली, की मुंगी शिरायलाही फट राहिली नाही. नांदेड-लातूरकडचे व्यापारी मग त्यांचं दार विचारत येऊ लागले.

त्यांच्या पत्नी उमाबाई आठवड्यातून दोनदा मोटारीनं वडीगोद्रीला जात. जिनिंगमधल्या बायकांना दुपारी बारा ते एकच्या सुट्टीत लिंबाखाली बसवून अक्षरं शिकवत. कराराचा मसुदा त्यांनी वाचला होता.

“तिथं चाळीस बायका काम करतात,” त्या म्हणाल्या. “त्यांचं यात कुठंच काही नाही.”

“त्या करारात पक्षकार नाहीत, उमा.”

उमाबाई भांडल्या नाहीत. कागद होता तसा ठेवून दिला. जिनिंग बंद झाली, बायका पोटामागं पांगल्या आणि उमाबाईंचं वडीगोद्रीला जाणं थांबलं. पुढच्याच पावसाळ्यात त्यांना ताप आला. नरहरराव तेव्हा हैदराबादला एकीच्याच एका दाव्यात उभे होते. त्या अत्यवस्थ असल्याची तार त्यांना सकाळी मिळाली. युक्तिवाद अर्धा झाला होता. त्यांनी तार कोटाच्या खिशात घातली आणि कोर्ट उठेपर्यंत बोलले. अंबडला पोचले तेव्हा स्मशानातून परतलेली माणसं घरासमोर पांगत होती. तार उशिरा मिळाली, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

त्याला दोन वर्षं झाली आणि रामकिसन त्यांच्या बैठकीत येऊन बसला.

“एकीवाल्यांनी माझ्यावर दावा केला, वकीलसाहेब. म्हणतात, मी चोरून जिनिंग चालवून राह्यलो. करार मोडला म्हणतात. घरदार सगळं जाईल.”

“चालवता का?”

“कशानं चालवू? बॉयलर तर करारातच विकून टाकला. पट्टे काढले. आतमधी सरकी काढायचे नुसते रेचे उभे आहेत. पण गावात सगळे म्हणतात, आवाज येतो.”

नरहररावांनी दावा घेतला. करार बांधणाऱ्यानंच एकीविरुद्ध उभं राहावं, याचं बाजारात नवल झालं. त्यांना स्वतःला मात्र हे काम सोपं वाटलं. बॉयलर विकल्याची पावती होती. यंत्र चालवायला लागतं काय, हे कोर्टाला कळत होतं.

पण एकीचे साक्षीदार आले ते एका सुरात बोलले. दुपारी बारा ते एक. रेच्यांची खडखड, तीही रस्त्यापर्यंत. अकरा माणसं एकमेकांना ओळखतही नव्हती. उलटतपासणीत एकही डगमगला नाही.

जिनिंगची राखण करणारी गोजरबाई ही रामकिसनची साक्षीदार. पूर्वी रेच्यावर काम करायची. नरहररावांनी तिला साधा प्रश्न विचारला, “बंद झाल्यापासून जिनिंग कधी चालली का?”

“मालकानं न्हाई चालवली.”

“म्हणजे बंदच आहे.”

गोजरबाई पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “बंद न्हाई साहेब. बाईंच्या टायमाला चालू राह्यती.”

कोणत्या बाईंच्या, हे नरहररावांनी विचारलं नाही. कागद खाली ठेवून ते बसले.

मुन्सफांनी जागेची पाहणी करायचा हुकूम काढला. त्यासाठी काकासाहेब नावाचे कोर्टातले एक निवृत्त पेशकार नेमले. चैत्र होता. ते आणि नरहरराव साडेअकराला वडीगोद्रीला उतरले. गोजरबाईनं कुलूप काढलं आणि स्वतः बाहेरच थांबली.

आत दोन्ही भिंतींना लागून रेच्यांच्या रांगा होत्या. वर पट्टे नव्हते. बॉयलरच्या जागी विटांचा चौकोन उरला होता. काकासाहेबांनी चष्मा पुसून टिपायला सुरुवात केली. नरहररावांना पहिल्यांदा खटकली ती जमीन. तीन वर्षं बंद असलेल्या जागेत धूळ नव्हती. तेलाचा वास होता, आणि ओल्या कापसाचा.

“पत्र्यानं उकाडा फार होतो,” काकासाहेब म्हणाले.

नरहररावांनी जवळच्या रेच्यावर हात ठेवला. लोखंड गरम होतं. छपराखालचं लोखंड उन्हानं तापतं, त्यांनी स्वतःला सांगितलं. मग त्यांनी शेजारच्या खिडकीच्या गजाला हात लावला. त्यावर सरळ ऊन पडलं होतं. तो रेच्याहून थंड होता.

तळहाताखाली रेचा थरथरला.

आवाज आधी पायातून आला. मग कानात. एकामागून एक, दोन्ही रांगा. काकासाहेब शांतपणे लिहीत होते. त्यांची मान वर झाली नाही.

त्या खडखडीच्या वर एक आवाज चढला. गोंगाटात बोलताना बायका लावतात तसा, जरा उंच.

“ग. म्हणा, ग.”

पुष्कळ आवाज म्हणाले, “ग.”

नरहररावांनी डोळे मिटले. तो आवाज त्यांनी दोन वर्षं घराच्या प्रत्येक खोलीत शोधला होता.

“उमा,” ते म्हणाले, “तार मला सकाळीच मिळाली होती.”

सगळं एकदम थांबलं.

“काही म्हणालात?” काकासाहेबांनी विचारलं.

“नाही.”

“मी लिहितो, यंत्रं बंद आणि थंड. बराबर?”

नरहरराव दाराकडं वळले.

बाहेर गोजरबाई लिंबाच्या खोडाला टेकून बसली होती. “ऐकलं ना?” ती हळूच म्हणाली. “आम्ही पांगलो, मंग बाई इथंच आल्या. जिनिंग खरीखुरी सुरू झाली तर जातील बिचाऱ्या. काम उरणार न्हाई त्यांना.”

अंबडला परत येताना मोटारीत नरहरराव मनाशी हिशोब मांडत होते. काकासाहेबांच्या अहवालावर रामकिसन या वेळी सुटला असता. पण करार राहिला असता, जिनिंग बंद राहिली असती. रोज बारा वाजता तो आवाज राहिला असता. नुसतं गप्प बसायचं होतं.

पुढच्या तारखेला त्यांनी वकीलपत्र मागं घेतलं आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

“हा करार मी लिहिला आहे,” ते म्हणाले. “कलमांत काही लिहिलं असलं, तरी हेतू एकच होता. धंदा अडवायचा. माणसाला त्याच्या धंद्यापासून रोखणारा करार कायद्यापुढं करारच नव्हे. हे मला लिहितानाही माहीत होतं.”

मुन्सफांनी लेखणी थांबवली. “याचा तुमच्या वकिलीवर काय परिणाम होईल, समजतं ना?”

“समजतं.”

करार रद्द झाला. एकी मोडली. नरहररावांच्या बैठकीत त्यानंतर एकही अशील चढला नाही. रामकिसननं जुनं इंजिन आणलं आणि दिवाळीनंतर जिनिंगचा भोंगा वाजला. नरहरराव त्या दिवशी तिथं गेले होते. बारा वाजेपर्यंत थांबले, एक वाजेपर्यंत थांबले. रेचे कानठळ्या बसवत होते, आणि त्यात फक्त रेचेच होते. संध्याकाळच्या मोटारीत त्यांच्याशेजारी बसलेल्या माणसानं ते रडत असल्याचं पाहून तोंड दुसरीकडं फिरवलं.

महिन्यानं रामकिसन घरी आला. काखेत हजेरीबुक होतं.

“साहेब, चाळीस बाया घेतल्या. गोजरबाई सोडली तर बाकी नव्या, घनसावंगीकडच्या. त्यातल्या कोणीबी शाळा पाह्यली न्हाई. मुकादम अंगठ्यासाठी शाई घेऊन गेल्ता, तर एकबी बाई अंगठा लावंना. सगळ्यांनी सही केली. कोणं शिकवलं विचारलं, तर एकमेकींकडं पाहून राह्यल्या.”

नरहररावांनी बुक उघडलं. चाळीस सह्या. नवशिकी, हललेली, पण एकाच वळणाची अक्षरं.

“आणि हे,” रामकिसन पानाच्या तळाशी बोट नेत म्हणाला, “हे मी लिहिलं न्हाई. मुकादमानंबी न्हाई.”

चाळीस नावांखाली एक्केचाळिसावं नाव होतं. त्याचं अक्षर मात्र बसलेलं, सुबक, नरहररावांच्या ओळखीचं. नवऱ्याचं नाव हयातीत एकदाही तोंडातून न काढलेल्या बाईनं ते पूर्ण लिहिलं होतं: नरहर.

पुढच्या रकान्यांत, महिन्याच्या प्रत्येक तारखेखाली, त्याच अक्षरात लिहिलं होतं: गैरहजर.