बाबांच्या कॉम्प्युटरचं सील

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्याच घरी घडलंय. तैपेईतलं वानहुआ, २०१९च्या नोव्हेंबरातला तिसरा शनिवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

काळोख नव्हता. गॅलरीत कपडे वाळत होते.

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. बाहुल्यांच्या खेळात राजा, राक्षस, म्हातारी, सगळ्यांचे आवाज तेच काढायचे. ते आवाज त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये होते. दुसरीकडे कुठेच नव्हते.

कॉम्प्युटर कंपनीचा, मागे कंपनीचं सील. बाबांनी ते कधी कुणाला फोडू दिलं नाही.

माझा चुलतभाऊ आ-रोंग कॉम्प्युटर असेंबल करून विकतो. तो बाबांना चिडवायचा.

“काका, कंपनीचा कॉम्प्युटर म्हणजे विकतचा डबा. आत काय घातलंय, देव जाणे!”

“आणि तुझ्या डब्यात तू काय घालतोस, ते गिऱ्हाइकाला तरी कळतं का रे?”

दोघं हसायचे. मीही हसायचे.

बाबा गेल्यावर कॉम्प्युटर फार रखडायला लागला. मी म्हटलं, “दादा, नुसती रॅम वाढव.”

“अगं, नुसत्या रॅमने काय होतंय? डबा तोच ठेवतो, आतलं सगळं नवं घालतो. काकांचे आवाज जसेच्या तसे. का, विश्वास नाही माझ्यावर?”

होता. मी हो म्हटलं.

त्याने सील फोडलं...

चार दिवसांनी कॉम्प्युटर परत आला. वर आ-रोंगने खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं होतं. त्या खाऊच्या नावाचा अर्थच ‘शहाणं बाळ’, म्हणून मशीनने शहाण्यासारखं वागावं यासाठी आमच्याकडे सगळेच ठेवतात. पण न फोडलेलं आणि ताजं.

या पाकिटाची तारीख कधीच उलटून गेली होती...

मी राक्षसाचा आवाज लावला. फाइल अकरा मिनिटांची. सुरुवातीला बाबांनी श्वास घेतला...

पुढे काहीच नाही.

राजा लावला. श्वास... आणि शांतता.

म्हातारी लावली. श्वास...

मी आ-रोंगला फोन केला. “दादा, जुनी हार्ड डिस्क कुठेय?”

“ती होय? खराब झाली होती. भंगारात टाकली.”

मग तो शनिवार आला. तीन दहाला फोन वाजला. कीलुंगहून कुणी त्सेंगबाई बोलत होत्या.

“पेइ-चेन तुम्हीच का? तुमचा नंबर मला... आमच्या कॉम्प्युटरने सांगितला.”

मला वाटलं, बाई थट्टा करताहेत.

“आ-रोंग म्हणून आहेत, त्यांच्याकडून असेंबल करून घेतला. सगळं कोरं करकरीत आहे म्हणाले. आत एक जुनी डिस्क निघाली हो! बंद केला तरी माणूस बोलतोच आहे. काल ती डिस्क काढून टेबलावर ठेवली. तरी...”

आ-रोंगने माझ्या बाबांना विकलं होतं.

“फोन तिच्याजवळ धरा,” मी म्हटलं.

श्वास...

“आ-रोंग, सील फोडू नकोस. मी आत आहे.”

बाबाच! कुठल्या बाहुलीचा आवाज नव्हता, घरातला होता.

पुन्हा श्वास...

“पेइ-चेन, तू हो का म्हणालीस?”

त्याच दिवशी जाऊन मी डिस्क घेऊन आले. तीन दुकानांत दाखवली. तिघांनीही तेच सांगितलं, “ताई, पूर्ण पुसलेली आहे. यात काहीही नाही.” आ-रोंग म्हणतो, मला भास होतात. त्याचं तोंडही बघावंसं वाटत नाही.

डिस्क बाबांच्या फोटोपुढे आहे. शेजारी हिरवं पाकीट, ताजं, तारीख बघून आणलेलं. दर शनिवारी तीन दहाला तिथून श्वास घेतल्याचा आवाज येतो...

“बाबा, मी नुसती रॅम वाढवायला सांगितली होती,” मी म्हणते.