तांदळात न लिहिलेले नाव

'विवाहिता स्वखुशीने घर सोडून गेली.' डोंबिवलीतल्या त्या प्रकरणाच्या चौकशी अहवालातले हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्याची योग्यता तेवढीच. घराला दार एक. खिडक्यांना लोखंडी जाळ्या. आणि ११ नोव्हेंबर १९८९ रोजी दुपारी साडेतीन वाजता त्या एकमेव दारात मी स्वतः उभी होते.

सुहासिनी माझी संशोधक विद्यार्थिनी. तिचा विषय 'नेवेस्ता' हा आदिस्लाव शब्द, अर्थ नवरी. त्या काळचा कोणताही लेख उपलब्ध नाही. आजच्या रशियन, चेक, बल्गेरियन रूपांवरून मागे जात तो शब्द रचावा लागतो. पुढे काही भाषांत त्याचा अर्थ 'सून' झाला. मुळात मात्र, बऱ्याच अभ्यासकांच्या मते, 'अनोळखी': सासरच्या घरातल्या अदृश्य शक्तींना नव्या बाईची ओळख पटू नये म्हणून. 'पुराव्याविना रम्य कल्पना,' असा शेरा मी तिच्या प्रबंधातल्या त्या प्रकरणावर मारला होता.

तिच्या लग्नाला मी हजर होते. सासूने, सरस्वतीबाईंनी, ताटातल्या तांदळात नवे नाव लिहू दिले नाही. तांदूळ तळव्याने सपाट केले. त्यानंतरची चार वर्षे त्या घरात तिला कोणी नावाने हाक मारली नाही. प्रबंध अडला. माझ्याकडे ठाण्याला येणेही हळूहळू बंद झाले. शेवटच्या भेटीत ती म्हणाली,

"मॅडम, घरी आलात तर नावाने हाक नका हं मारू."

"का? सासूबाई रागावतात?"

"त्या नाहीत."

मुदतवाढीच्या अर्जावर तिची सही हवी होती. शेवटचा दिवस होता. मी गेले. सरस्वतीबाई दारातच आडव्या आल्या.

"बसा ना बाई. मी आणते तिला. तुम्ही फक्त ओरडू नका."

"तिला नाव आहे," मी म्हणाले, आणि मुद्दाम मोठ्याने हाक मारली. "सुहासिनी!"

स्वयंपाकघरातला स्टोव्ह बंद झाला.

"ओ," ती म्हणाली.

मग मोरीतून, "ओ."

मग माझ्या हाताखालच्या चौकटीतून.

स्वयंपाकघरात ओट्यावर तिचा चष्मा होता. काचांवरची वाफ अजून उतरली नव्हती.

चपला दाराशी होत्या.

मी सरस्वतीबाईंविरुद्ध तक्रार दिली. त्यांचा जबाब अहवालाला जोडलेला आहे. तो कोणी वाचल्याचे दिसत नाही. कबुली अक्षरशः अशी:

"हो, सुनेचं नाव मीच लपवून ठेवलेलं. घराला कळू द्यायचं नव्हतं. बाईंनी दारातून हाक मारली, ती मला अडवता आली नाही, ही माझी चूक. आता आम्ही कोणीच तिचं नाव घेत नाही. तरी रोज दुपारी साडेतीनला ती ओ देते."