लपलेला बाबा

“आजपासून भिंगरी तुझ्याबरोबर बागेत जाणार नाही! सांगून ठेवते!”

ताई दारात आडवी उभी होती. भाचीचे इवलेसे बूट तिने छातीशी असे घट्ट धरले होते, जणू बूट दिले की पोरगीच हातची जाईल.

“का गं ताई?”

“वर मलाच विचार! काल पोर घसरगुंडीपाशी ‘बाबा, बाबा’ करून टाहो फोडत होती, आणि तू पाण्याच्या टाकीआडून बघत उभा! तिची आई आज असती तर तुला घरात घेतलं नसतं तिनं. दगड झालायस तू, दगड!”

त्याने नुसत्या चपला पायांत सरकवल्या. एक शब्द बोलला असता तर सगळंच बोलावं लागलं असतं...

कोपऱ्यावरच्या बेकरीत त्याने भट्टीपुढे उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. पिठाची धूळ इतकी वर्षं श्वासाबरोबर आत गेली, की आता एक जिना चढतानाही त्याला कठडा धरावा लागे. फुप्फुसं सुधारायची नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. “मग किती दिवस?” असं त्याने विचारल्यावर ते कितीतरी वेळ नुसता चष्माच पुसत राहिले! ताईला हे कोणत्या तोंडाने सांगणार होता तो? बायको गेल्यावर या घरात फक्त हुंदके उरले होते. ताई येऊन राहिली, भिंगरी चालायला लागली, आणि आत्ता कुठे घराला हसू फुटत होतं... ते हिरावून घेण्याचं धाडस त्या बापाला होईना.

रोज दुपारी भिंगरी त्याच्या पोटावर बसून बोटांनी त्याच्या पापण्या उघडायची. मग स्वारी निघे! वाटेतल्या प्रत्येक दुकानाची पायरी चढायची, उतरायची, चांभाराच्या मांजरीची विचारपूस करायची, आणि दिसेल तो खडा बाबाच्या खिशात टाकायचा. घरी येईतो खिसा फाटायला यायचा. शेवटी बागेत लपाछपी. पूर्वी तो लपे आणि लगेच “कुऽऽक!” करून बाहेर येई. डॉक्टरांकडून आल्यापासून मात्र तो रोज थोडा जास्त वेळ लपू लागला. त्याला जन्मभर एकच विद्या आली होती : मळलेलं पीठ ओल्या फडक्याखाली ठेवावं आणि हात आवरावा, सारखं फडकं उचलून पाहिलं तर ते फुगत नाही. पोरीलाही अशीच, थोडीथोडी, आपल्यावाचून राहायची सवय होईल, असं त्याने त्या वेड्या मायेने ठरवून टाकलं होतं!

“तूही चल ना,” तो कसाबसा म्हणाला. “मग तर झालं?”

ताईने फणकाऱ्याने बूट पोरीच्या पायांत चढवले, आणि तिघं निघाली.

बागेत तो टाकीआड गेला. भिंगरीने घसरगुंडीखाली पाहिलं, बाकाखाली पाहिलं. आता रडेल... आता हाक मारेल... त्याने प्राण कानांत आणले. पण ती रडली नाही! क्षणभर ओठ काढून उभी राहिली, मग वळली आणि दुडुदुडु धावत ताईच्या पदराला लोंबकळली.

“आत्या, झोका!”

ज्या क्षणासाठी त्याने काळजावर दगड ठेवला होता, तो क्षण आला होता. आता आनंद व्हायला हवा होता ना? पण त्याच्या अंतःकरणाच्या चिंधड्या उडाल्या. एवढ्यात विसरली? एवढ्यात...! उमाळ्याबरोबर खोकल्याची उबळ आली, श्वास मिळेना, आणि तो टाकीला पाठ घासत खाली बसला.

खोकला ऐकून ताई पोरीला कडेवर घेऊन धावत आली. भावाचे निळे पडलेले ओठ पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“अरे, काय होतंय तुला? बोल ना रे!”

“ताई, सवय... सवय लावत होतो तिला. मी फार दिवस नाही गं... मी नसताना ती अशी रडत बसली तर तू कुठे पुरी पडणार? पीठ झाकून ठेवतो ना आम्ही, तसं...”

ताई मटकन खाली बसली. तिने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, लहानपणी तापात घ्यायची तसं.

“ती पीठ नाही रे, माझ्या राजा! आणि दगड म्हणाले मी तुला... जीभ कशी झडली नाही माझी! तू नसलास तर रडेल ती. रडू दे! मी आहे ना पुसायला. पण जेवढे दिवस आहेत तेवढे तिच्या डोळ्यांसमोर राहा. असा जिवंतपणी लपू नकोस रे!”

आत्याच्या कडेवरून घसरून भिंगरी बापापुढे उभी राहिली. तिने मूठ उघडली. घामाने ओला झालेला एक खडा होता. तो तिने त्याच्या खिशात टाकला.

“बाबा शापडला!” ती टाळ्या पिटत ओरडली. “आता मी!”

आणि ती त्याच्याच सदऱ्यात तोंड खुपसून लपली. तिचा ऊन ऊन श्वास त्याच्या धपापणाऱ्या छातीला लागत होता. ताईने पदर तोंडात कोंबला.

“कुठे गेली बरं माझी भिंगरी?” तो इकडेतिकडे पाहत म्हणाला. “झाडामागे? नाही... बाकाखाली? तिथेही नाही...”

आणि त्या दिवशी तिला शोधायला त्याने खूप, खूप वेळ लावला.