सोयरं अस्तर

"डॉक्टर, हा वण गेला की मला मोठ्या गळ्याचा ड्रेस घालता येईल ना?"

अन्विता हे विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिनं विचारलं. दहावीत गेल्यापासून ती तपासणीला एकटीच आत जायची. आई-पप्पा बाहेर बाकावर.

डॉ. यास्मिन मुजावर हसल्या. "येईल की. आधी सांग, दुखतं किती?"

"दप्तराचा पट्टा लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. आणि खाजेचं तर विचारूच नका."

डाव्या खांद्याच्या हाडाखाली, जिथे पेसमेकर बसवला होता, तिथे करंगळीएवढा जाड, लालसर वण होता. त्या काळी पेसमेकरवर जवळच्या नातलगाच्या जिवंत पेशींचा थर चढवत. त्याला म्हणत सोयरं अस्तर. शरीराला यंत्र परकं वाटतं, सोयऱ्याच्या पेशी मात्र ओळखीच्या वाटतात. म्हणून ते यंत्रालाही सामावून घेतं. अन्विताचं अस्तर तिच्या दादाच्या, सन्मतीच्या पेशींचं होतं. देताना केवढा रुबाब केला होता त्यानं! "आता भांडताना जपून हं. आतून चिमटा काढीन."

गेल्या वर्षी कृष्णेत पोहायला गेलेला सन्मती परत आला नाही.

"काही पेशी अस्तरातून निसटून जखमेत शिरतात आणि वाढतच राहतात," डॉक्टर सांगत होत्या. "इंजेक्शननं त्या मरतात. मग वण बसतो."

"म्हणजे दादाच्या पेशी?"

"हो."

"पण यंत्रावर असतीलच ना त्याच्या?"

"तिथं आता तुझ्याच आहेत. तीन वर्षांत शरीर अस्तर बदलून घेतं. त्याच्या उरल्यात त्या या वणात. आणखी कुठेच नाहीत. आई-पप्पांना मी दिवाळीतच सांगितलंय. विचार करून कळवतो म्हणाले."

दिवाळीला सात महिने झाले होते. तेव्हापासून आई रोज वणाला तेल लावायची, हात तिथेच ठेवून विचारायची, "वाढलाय का गं?" अन्विताला वाटायचं, आई काळजीनं विचारते. पप्पा तर इंजेक्शनचं नाव काढलं की म्हणायचे, "घाई कशाला?"

ती बाहेर आली आणि दोघांच्या मध्ये बसली.

"काय म्हणाल्या?" पप्पांनी विचारलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

तिनं आईचा हात धरून वणावर ठेवला. दुखलं, तरी दाबून धरला.

"नीट बघून घ्या दोघांनी," ती म्हणाली. "शुक्रवारी मी इंजेक्शन घेणार आहे."