मागच्या काचेची दोरी

“दोरी ओढायला माणूस हवंय, ताई,” धाकटा दारातच उभा राहून म्हणाला, आणि ताईच्या हातातलं पडद्याचं कापड शिलाई मशीनच्या सुईखाली तसंच अर्धवट राहिलं.

चोवीस वर्षांत त्याने तिच्याकडे कामाची गोष्ट कधी काढली नव्हती. तो यायचा, बाबांची औषधं संपली की सांगायचा, पोरांच्या शाळेचं बोलायचा, चहा पिऊन जायचा. पण कारखान्याचं नाव दोघांच्या तोंडून कधी निघत नसे... जणू त्या घरात कारखाना नव्हताच.

“तुझ्याकडे चार कारागीर आहेत की,” ती म्हणाली.

“त्यांना गाड्यांच्या चिकटवायच्या काचा येतात. नळीतून गोंद काढायचा आणि काच दाबायची. रबरातली काच त्यांनी बघितलेलीसुद्धा नाही. दोरीचं काम येणारी माणसं आता दोनच उरलीत, आणि त्यातल्या एकाचे हात थरथरतात.”

“आणि दुसरीचा हात वाईट आहे, असं तुमच्या घरात म्हणतात.”

ती हसतच म्हणाली, पण धाकट्याने मान खाली घातली. त्या घरात कप फुटला, आरसा तडकला, की भावजय पोरांना विचारायची, “आत्याचा हात लागला होता का रे?” आणि सगळे हसायचे. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, हे ताईला कळत होतं. पण ते कळूनही दर वेळी काळजात काहीतरी बारीकसं रुतायचंच.

“बाबांच्या गाडीची काच मिळाली,” धाकटा म्हणाला. “भंगारात अगदी तशीच एक गाडी निघाली. मागची काच शाबूत. दुसरी मिळायची नाही.”

“बाबांना सांगितलंस, मी येणार म्हणून?”

“सांगितलं. नको म्हणाले नाहीत.”

नको म्हणाले नाहीत... एवढ्या दोन-तीन शब्दांसाठी आपण चोवीस वर्षं थांबलो होतो का, असं तिच्या मनात आलं, आणि तिने मशीनवर कापडाचं झाकण घातलं.

कारखाना म्हणजे घराला लागून असलेली एक लांबट शेड. ताईची आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि धाकटा सात. घरात त्याला एकट्याला कसं ठेवायचं म्हणून ती त्याला घेऊन या शेडमध्ये येऊन बसायची, अभ्यास करायची, आणि अभ्यासाच्या वहीपेक्षा तिचं लक्ष बाबांच्या हातांकडे जास्त असायचं. सोळाव्या वर्षी तिने पहिली पट्टी सरळ केली. काचेभोवतीच्या रबरात चांदीसारख्या पत्र्याची जी झळझळीत पट्टी बसते, तिला पोचे पडलेले असतात. ते बाहेरून ठोकून जात नाहीत, आतून, गोल टोकाच्या लाकडाने, दाबत दाबत काढावे लागतात, आणि पत्रा घाई सहन करत नाही. तिचा हात त्या कामात असा बसला, की लोक लांबून पट्ट्या घेऊन यायचे आणि बाबांना सांगायचे, “मुलीकडेच द्या.” बाबा काही बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी जेवताना दोन घास जास्त जेवायचे.

आणि मग ती दुपार आली. बाबांची फिकट हिरवी, गोल पाठीची गाडी नव्याने रंगवून झाली होती आणि मागची काच परत बसवायची होती. बाबा रंगाचा डबा परत करायला गेले होते. ताई आत, मागच्या सीटवर गुडघे टेकून, काचेच्या रबराच्या खाचेत फिरवलेल्या दोरीची टोकं हातात धरून. एकोणीस वर्षांचा धाकटा बाहेर. रीत अशी, की बाहेरच्याने तळव्याने काच दाबायची, ती बसली की बोटाने दोनदा टकटक करायची, आणि मगच आतल्याने वीतभर दोरी ओढायची. दोरी निघते तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. धाकट्याला मित्रांकडे जायचं होतं. तळव्याने काच सरकेना, तेव्हा त्याने बुक्की मारली. ती काच तुकड्यांत फुटत नाही, तिचे एकदम साखरेसारखे दाणे होतात. ते सगळे दाणे ताईच्या केसांत, ओच्यात, पापण्यांवर पडले.

त्याच आठवड्यात धाकट्याने दोन काचा फोडल्या होत्या, आणि बाबांनी सगळ्या कारागिरांसमोर शब्द टाकला होता, की आणखी एक फुटली तर याने माझ्या घरात राहायचं नाही. बाबा शब्दाचे पक्के होते. दारात बाबांची पावलं वाजली, धाकट्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, आणि ताईला तो एकोणीस वर्षांचा दिसलाच नाही. आई गेली त्या दिवशी ताईच्या ओढणीचं टोक मुठीत धरून उभा असलेला सात वर्षांचा पोर दिसला.

“माझ्याकडून दोरी वेडीवाकडी ओढली गेली, बाबा,” ती म्हणाली.

तिला वाटलं होतं, बाबा रागावतील, दोन दिवस बोलायचे नाहीत, आणि मग सगळं पहिल्यासारखं होईल. पण जिच्यावर सर्वांत जास्त विश्वास होता तिनेच सर्वांत मौल्यवान वस्तू मोडली, हे बाबांना सोसलं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, “उद्यापासून कारखान्यात पाय ठेवू नकोस.” ...आणि तिने ठेवला नाही. गाडीच्या मागे प्लायवूडचा तुकडा ठोकला गेला, धाकटा हळूहळू कामाला लागला, मालक झाला, आणि ताई दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवत राहिली.

आज ती आली तेव्हा बाबा गाडीशेजारी खुर्चीवर बसले होते. काठीवर दोन्ही हात, आणि हातांवर हनुवटी.

“आलीस,” ते म्हणाले.

“आले.”

दोघंही काचेकडे बघू लागले.

काच टेबलावर घोंगडीवर ठेवली होती. धाकट्याने तिला नवं रबर चढवलं होतं, रबराच्या आतल्या खाचेत दोरी फिरवली होती, साबणाचं पाणी तयार होतं. पट्टी मात्र बाजूच्या फळीवर पडली होती, तीन ठिकाणी पोचे पडलेली. ताईच्या ते आल्या आल्या लक्षात आलं. या गाडीची पट्टी काच टेबलावर असतानाच रबरात बसवावी लागते. काच गाडीत गेली, रबर आवळलं, की मग पट्टीला जागा उरत नाही. पण धाकट्याचा सगळा जन्म चिकटवायच्या काचांत गेलेला, त्याला हे कुठून माहीत असणार? आणि बाबांच्या डोळ्यांना फळीवरचं दिसत नव्हतं.

सांगावं का? तिच्या ओठांवर आलं होतं. पण ही शेड आता त्याची, बाबा समोर बसलेले, चार कारागीर कामं सोडून तमाशा बघायला जमलेले... आपण कोण लागून गेलो सांगणारे? ती गप्प बसली आणि मागच्या सीटवर जाऊन तिने गुडघे टेकले.

काच बसली. पाऊण तास लागला, पण बसली. कारागिरांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्याने कौतुकाने पट्टी उचलली, रबराच्या खाचेला लावली, दाबली. ती गेली नाही. त्याने लाकडाचा हातोडा घेतला.

“थांब,” ताई म्हणाली.

इतक्या मोठ्याने ती कधी बोलली असेल असं तिला आठवत नव्हतं. धाकट्याचा हात वरच्या वर राहिला.

“पट्टी आधी बसवायची असते. काच काढावी लागेल.”

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग आधी बोलली का नाहीस?”

तो चिडला नव्हता, खरोखरच विचारत होता. ताईची नजर काचेवर गेली. जगातली एकुलती एक काच आता पुन्हा काढायची, ती काढताना फुटू शकते, आणि हे सगळं आपण दोन शब्द गिळले म्हणून... आपल्या ज्या गप्प बसण्याला आपण आयुष्यभर माया समजत आलो, ते दर वेळी मायाच होतं का?

ती गाडीतून उतरली. रबराची कड बोटांनी उलटवत, साबणाचं पाणी सोडत तिने आणि धाकट्याने काच श्वास रोखून बाहेर काढली. मग ती फळीपाशी गेली, पट्टी मांडीवर घेतली आणि म्हणाली, “गोल टोकाचं लाकूड दे.”

पुढचे दोन तास ती पट्टीवर वाकून होती. कारागीर जेवायला गेले ते हळूच परत येऊन आपापल्या कामाला लागले. वरच्या झरोक्यातून ऊन फळीवर उतरलं होतं, आणि तिची बोटं, सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली ती बोटं, पत्र्याच्या आतल्या बाजूने अशी फिरत होती, की जणू काल संध्याकाळी काम अर्धवट ठेवून ती घरी गेली होती. पोचा निघाला की पत्रा एक बारीकसा आवाज करतो. पहिल्या आवाजाला बाबांनी मान वर केली. दुसऱ्याला ते खुर्चीवरून उठले. तिसऱ्या वेळी ते तिच्या मागे येऊन उभे होते आणि त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

पट्टी रबरात गेली. काच पुन्हा गाडीवर आली. ताई आत, धाकटा बाहेर, आणि या वेळी बाबाही त्याच्याशेजारी काठी टेकून उभे. टकटक, वीतभर दोरी. टकटक, वीतभर दोरी. खालची कड बसली, डावा कोपरा बसला. मग धाकट्याने पुन्हा टकटक केली आणि आतून दोरी हललीच नाही.

“ओढ ना, ताई.”

“वरचा कोपरा बसलेला नाही.”

“बसलाय. मला दिसतोय की.”

“नाही बसला.”

बाबांनी थरथरती बोटं कोपऱ्यावरून फिरवली. काच तिथे केसभर वर होती.

“तुला आतून कसं कळलं?” त्यांनी विचारलं.

“दोरी जड लागते, बाबा. जड लागली की ओढायची नाही.”

“नेहमीच कळतं?”

“नेहमीच.”

बाबांनी बोटं पुन्हा एकदा त्या कोपऱ्यावरून फिरवली. मग त्यांचा आवाज आला, इतका क्षीण, की धाकट्यालाही नीट ऐकू आला नसावा.

“मग त्या दिवशी तू वेडीवाकडी ओढलीस कशी?”

ताईच्या घशात सवयीने तेच शब्द आले, झालं ते झालं, आता कशाला... पण या वेळी ते बाहेर पडेनात.

“तिने ओढलीच नव्हती,” धाकटा म्हणाला. “मी बुक्की मारली, बाबा. काच मी फोडली. आणि ती बोलून बसली, आणि मी... मी बोललोच नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो. मग तुम्ही कारखाना माझ्या हातात दिलात, आणि मग तर...”

तो रडू लागला. पण हात सोडता येत नव्हते. सोडले असते तर काच खाली आली असती. दोन्ही तळवे काचेवर दाबून चाळिशी ओलांडलेला तो माणूस उभा होता, आणि डोळ्यांतलं पाणी नाकावरून हनुवटीवर, हनुवटीवरून शर्टावर गळत होतं.

“कोपरा सोडू नकोस,” बाबा एवढंच म्हणाले.

भावजय चहाचा ट्रे घेऊन आली होती ती दारातच खिळली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ट्रे फळीवर ठेवून ती आली आणि पदराने तिने नवऱ्याचं तोंड पुसलं, जरा जोरातच.

“इतकी वर्षं मला त्यांच्यावर हसायला लावलंत,” ती दबलेल्या आवाजात म्हणाली. “घरी चला, मग बघते तुम्हाला.” मग ती गाडीच्या खिडकीपाशी वाकली. “वन्सं... मी काय काय बोलले हो.”

“तुला कुठे माहीत होतं?” ताई म्हणाली. तिचेही गाल ओले होते. “आधी हे पुरं करू दे. रबर वाळलं तर चढायचं नाही.”

बाबांनी आपला तळवा धाकट्याच्या हातांशेजारी कोपऱ्यावर ठेवला आणि दाबला. या वेळी टकटक त्यांनी केली. ताईने दोरी हातात जोखली. ती हलकी होती. तिने ओढली, वीतभर, मग आणखी वीतभर, आणि शेवटचं टोक सुटून तिच्या ओंजळीत आलं.

ती बाहेर आली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबा पुन्हा खुर्चीवर बसले होते आणि तिच्याकडे बघायचं धैर्य त्यांना होत नव्हतं.

“उद्यापासून येशील?” त्यांनी जमिनीला विचारलं.

हा प्रश्न तिने किती वेळा मनात ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडली होती. आता प्रत्यक्ष ऐकताना मात्र तिला रडू आलं नाही.

“येईन,” ती म्हणाली. “पण यापुढे ज्याची चूक त्याची. मी कोणाची घेणार नाही.”

“आजची कोणाची?” धाकट्याने नाक ओढत विचारलं.

“पट्टी विसरलास ती तुझी. दिसत असून बोलले नाही, ती माझी.”

“आणि माझी?” बाबा म्हणाले.

धाकट्याने मान फिरवली. भावजय उगाचच कप सरळ करू लागली.

“तुमची सांगायला बसले, तर चहा गार होईल, बाबा,” ताई म्हणाली.

बाबांनी पहिल्यांदाच वर बघितलं. त्यांचे निस्तेज डोळे भरून आले होते, पण ते त्यांनी लपवले नाहीत. पायाने ढकलत त्यांनी शेजारचं लाकडी स्टूल तिच्याकडे सरकवलं.

“होऊ दे गार,” ते म्हणाले. “बस. सांग.”

ताई बसली. आपल्या हातांकडे बघत ती सांगू लागली.